तितांकेच्या बियांची वाटणी

हिलारिओ रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी भिंतीपाशी येऊन वर तितांकेच्या झाडाकडे बघत उभा राहतो, हे दोमितिलाच्या लक्षात आलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिलारिओ तिचा धाकटा दीर. दोघांच्या अंगणांमध्ये छातीएवढी दगडी भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून या माणसानं आजवर आभाळाकडेसुद्धा उगाच पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. पाऊस येणार असेल तर पाहायचा, नाहीतर नाही. मग आताच काय एवढं?

"काय बघतोस रे?" तिनं विचारलं.

"वाढली," तो म्हणाला.

"वाढणारच. तुला काय त्याचं?"

"काही नाही वहिनी. वाढली, एवढंच म्हटलं."

काही नाही म्हणणाऱ्या माणसांवर दोमितिलाचा कधीच विश्वास नव्हता. काही असलं की माणसं हमखास काही नाही म्हणतात, आणि खरंच काही नसलं की तासभर बडबडतात, असं तिचं मत होतं आणि त्या मतावर ती पन्नाशीपर्यंत आली होती.

तितांका वाढली होती हे मात्र खरं. वरच्या उतारावरचं ते झाड दोमितिला लग्न होऊन आली तेव्हाही तिथेच होतं आणि तिची सासू आली तेव्हाही. काटेरी पात्यांचा एक मोठा गोळा, खाली वाळक्या पात्यांचा घेर, बस्स. यंदा थंडी सरता सरता त्या गोळ्याच्या मधोमध कोंब फुटला आणि बघता बघता त्याचा माणसाहून जाड दांडा होऊन तो गावच्या चर्चच्या मनोऱ्याशी बरोबरी करू लागला. मग त्याच्यावर हजारो फिकट हिरवी फुलं आली. इवली इवली पाखरं त्यातला रस प्यायला हवेत थरथरत राहू लागली. तितांका आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि उभ्या उभ्या वाळून मरते. कोंदोरपुक्यो गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मेंढपाळांना या झाडाचं प्रेम असायचं तसं काही कारण नाही. त्याच्या पात्यांचे काटे आत वळलेले. गवताच्या नादानं मेंढरानं डोकं आत घातलं की ते आत जातं, बाहेर मात्र येत नाही. लोकर गुंतते, जनावर ओढ घेतं, आणखी गुंततं, आणि संध्याकाळी मालक येतो तेव्हा कोल्ह्याचं जेवण झालेलं असतं. म्हणून आधीच्या पिढ्यांनी तितांका सरसकट जाळल्या. पलीकडच्या डोंगरावरचं अख्खं रान असंच गेलं. हिलारिओनंही तरुणपणी जाळल्या होत्या, आणि गेल्या पावसात त्याचा सगळ्यात दांडगा मेंढा याच तितांकेत अडकून मेला, तेव्हा तो चारचौघांत ओरडला होता, "जाळून टाकली पाहिजे ही म्हातारी!"

हे वाक्य दोमितिलानं मनाच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलं होतं.

कारण त्या म्हातारीवर आता तिचं सगळं काही अवलंबून होतं. तिचा नवरा वारला त्याला फार दिवस झाले नव्हते. वरचा उतार गावाच्या मालकीचा. ज्या घराला गावसभा देईल त्या घरानं तिथं मेंढरं चारायची. पुरुष नसलेल्या, थोडीच मेंढरं उरलेल्या घराला एवढा मोठा उतार कशाला, अशी कुजबुज सभेत सुरू झाली होती. उतार गेला की मेंढरं विकावी लागणार, आणि मेंढरं विकली की लिमा शहरात मुलीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुलगी प्रेमानं बोलवायची. दोमितिला एकदा जाऊन आली होती. धुळीच्या टेकडीवर पत्र्याची खोली, पाणी टँकरचं, आणि वर राखेच्या रंगाचं आभाळ, ज्यातून पाऊसही पडत नाही की ऊनही. तिथं आपण सहा महिन्यांत मरू, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि शंका नसलेल्या तिच्या आयुष्यातल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती.

तितांका फुलली तेव्हा सभेनं ठरवलं की हिचं बी धरायचं, रोपं करायची आणि जळालेल्या डोंगरावर लावायची. अध्यक्ष निकानोर म्हणाला, "दोमितिलानं रोपं करून दाखवली तर उतार तिच्याकडे. नाहीतर शेजारच्या घराकडे." शेजारचं घर म्हणजे हिलारिओचं. वर निकानोरनं आणखी एक पुस्ती जोडली: सगळं बी एकाच घरी नको, गारपीट झाली तर सगळंच जाईल; निम्मं दोमितिलाकडे, निम्मं हिलारिओकडे.

ही पुस्ती निकानोरच्या डोक्यातून निघाली असेल यावर दोमितिलाचा विश्वास बसेना. निकानोरच्या डोक्यातून एवढं काही निघत नसे.

मग वर्षभर तिनं दिरावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. झाडाच्या बुंध्याशी एकदा तिला राख दिसली. ती तिनं बोटांत चोळून पाहिली, हुंगली, आणि ती कुणा वाटसरूनं मका भाजल्याची आहे असं दिसत असूनही हिलारिओच्या नावावर टाकून दिली. एकदा बुंध्याजवळची वाळकी पाती कापून नेलेली दिसली. दुसऱ्या दिवशी हिलारिओच्या गोठ्याच्या छपरावर तीच पाती होती. "छपरासाठी नेली," तो म्हणाला. छपरासाठी! डोंगरभर गवत पडलेलं असताना याला काट्यांचं छप्पर हवं. मेंढरं अडकू नयेत म्हणून त्यानं खालचा घेर कापून टाकला, त्यामुळे आग लागली तरी ती वर चढणार नाही, असं त्याची बायको मेलानिया नंतर कुणाला तरी सांगत होती. दोमितिलानं ऐकलं आणि सोडून दिलं. बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार.

पुढच्या थंडीत बोंडं पिकून तपकिरी झाली आणि टोकाला उकलू लागली. बी काढायची वेळ आली. निलगिरीच्या दोन लांब बल्ल्या बांधून शिडी केली. चढायला माणूस हवा होता, आणि गावात एवढ्या उंचावर चढणारा हिलारिओच. मांड्यांना कातडं बांधून तो काट्यांमधून वर गेला, विळ्यानं बोंडांचे घोस कापून खाली टाकू लागला. खाली दोमितिला आणि मेलानिया घोंगडी धरून उभ्या होत्या. दोमितिलाचं लक्ष घोंगडीत कमी आणि दिराच्या खिशांकडे जास्त.

"एकही बोंड ठेवू नकोस वर!" ती ओरडली.

"पाखरांना ठेवू की थोडी."

"पाखरांना नको नि वाऱ्याला नको. सगळी काढ."

तो खाली उतरला तेव्हा हातांवर ओरखडे होते, गालावरून रक्त ओघळत होतं. दोमितिला पुढे झाली आणि त्याच्या अंगावरचा पोंचो धरून तिनं झाडला, अगदी कानाकोपऱ्यासकट. चार-दोन बोंडं पडली.

"अडकली असतील," हिलारिओ म्हणाला.

"असतील हो, असतील," दोमितिला म्हणाली.

मेलानिया हसली. "जाऊबाई, त्याच्या टोपीतही बघा. उवा सापडल्या तर निम्म्या तुमच्या."

आता वाटणी. कोंदोरपुक्योत बियाला हात बाईचाच. बटाट्याचं असो, मक्याचं असो, निवडायचं बाईनं, वाटायचं बाईनं, आणि वाटून होईपर्यंत पुरुषानं पाठ फिरवून बसायचं. पुरुषाची नजर पडली तर बी रुसतं म्हणतात. हे कुणी मोडल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दोमितिलाच्या अंगणात, वारा सुटलेल्या दुपारी, हिलारिओ भिंतीकडे तोंड करून दगडावर बसला आणि गालात कोकाची पानं धरून चघळू लागला. मेलानिया मेंढरांमागे गेली होती.

तितांकेचं बी म्हणजे भुसाच. इवलासा दाणा आणि त्याला कागदासारखा पातळ पंख. दोमितिलानं बोंडं चोळली आणि सूप हातात घेऊन बी वाऱ्यावर धरलं. भरलेला दाणा जड, तो पायाशी पडला. हलका, पोकळ, अर्धामुर्धा दाणा उडून घोंगडीच्या लांबच्या कडेला जाऊन साचला. दोन ढीग आपोआप झाले. तिनं एकवार दिराच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. मग पायाशी पडलेला ढीग तिनं आपल्या फडक्यात भरला, कडेचा ढीग दुसऱ्या फडक्यात, आणि त्या दुसऱ्यावर वरवर दिसायला म्हणून चांगल्या बियांची एक चिमूट भुरभुरली.

तिला वाईट वाटलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण या माणसाला उतार हवा आहे, तो आज ना उद्या डाव साधणारच, मग आपण आधीच सावध राहिलं तर काय बिघडलं, असं तिनं स्वतःला समजावलं. दिराच्या तोंडाला पानं पुसून तिनं त्याचं फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तळहातावर तोललं, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं.

"निम्मं निम्मं?" त्यानं विचारलं.

"निम्मं निम्मं."

"बरं," म्हणून तो गेला. एवढ्या सहज बरं म्हणून गेला, याचाही तिला संशय आला.

दुसऱ्या दिवशी वामांग्या शहराहून रेबेका आली. शेतकी इंजिनिअर, तरुण पोरगी, लाल नाक, कायम सर्दी. तिनं दोन्ही घरांच्या बायकांना एकत्र बसवून सगळं समजावलं. पहिला पाऊस झाला की लाकडी खोकी घ्यायची, वाळू आणि दलदलीची काळी माती चाळून भरायची, बी वर पसरायचं. "पुरायचं नाही हं मावशी, बटाटा नाही हा. उजेड मिळाला नाही तर उगवत नाही." पाणी ओतायचं नाही, ओल्या झाडूनं शिंपडायचं. गारा आल्या तर वर गवताची चटई. उगवलं की ते गवताच्या पात्याएवढंच दिसेल आणि दोन-तीन वर्षं तसंच दिसेल, कंटाळायचं नाही.

"आणि तोवर बी कुठं ठेवायचं?" दोमितिलानं विचारलं.

"कोरड्या जागी. ओल लागू द्यायची नाही, बुरशी धरते," रेबेका शिंकत म्हणाली.

कोरडी जागा म्हणजे कोणती, हे कोंदोरपुक्योतल्या बाईला शिकवावं लागत नाही. चुलीच्या वरची तुळई. मक्याच्या कणसांच्या जुड्या तिथंच टांगतात, धुरानं कीड लागत नाही, उंदीर जात नाही. शिवाय चूल म्हणजे दोमितिलाची बसायची जागा. खाली गिनीपिग चिवचिवत फिरायचे, वर फडकं लटकायचं, आणि ती रस्सा ढवळता ढवळता मान वर करून ते जागेवर आहे ना, हे बघायची. घराबाहेर जाताना ती दाराला दगड लावायची आणि दगडावर एक काडी ठेवायची. काडी हलली तर कळेल म्हणून.

पहिला पाऊस झाला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना खोकी मांडली गेली. दोमितिलानं सांगितल्याबरहुकूम सगळं केलं, बी पसरलं, झाडूनं पाणी शिंपडलं, सकाळ-संध्याकाळ खोक्यांवर वाकून पाहिलं. काही दिवसांनी तिला भिंतीपलीकडून मेलानियाचं गाणं ऐकू येऊ लागलं. मेलानिया खूश असल्याशिवाय गात नसे. दोमितिला दगडावर चढली आणि तिनं पलीकडे डोकावलं.

हिलारिओच्या खोक्यांवर हिरवी लव होती. दाट नव्हती, टक्कल पडलेल्या डोक्यावरच्या केसांसारखी विरळ, पण हिरवी. तिच्या खोक्यांत फक्त ओली माती होती.

ती खाली उतरली आणि तिथंच बसली. कोंड्यातून रोपं? पोकळ बियांतून? अशक्य. मग कसं? उत्तर तिच्याजवळ तयारच होतं. ती जत्रेला गेली होती तेव्हा घर दिवसभर एकटं होतं. परत आल्यावर काडी जागेवर होती, पण गिनीपिग बाहेर अंगणात फिरत होता. तेव्हा तिनं गिनीपिगला शिव्या घातल्या होत्या. आता तिला सगळा उलगडा झाला. हिलारिओ आत शिरला, त्यानं फडकी बदलली, आणि काडी पुन्हा होती तशी ठेवली. काडी ठेवण्याइतका हुशार तो आहे का, हा प्रश्न तिला पडला, पण तिनं तो बाजूला सारला.

अडचण एकच होती. चांगलं बी चोरलं म्हणायचं तर चांगलं बी माझ्याकडेच होतं हेही कबूल करावं लागणार. म्हणून तिनं गोष्ट जराशी वळवली. झऱ्यावर पाणी भरताना तिनं बायकांना सांगितलं की वाटणीच्या वेळी ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात हिलारिओ मागे वळला आणि चांगला ढीग स्वतःकडे ओढला. "मी काही म्हणत नाही बाई, पण त्याच्याकडे उगवलं आणि माझ्याकडे नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा." त्या म्हणाल्याच. दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली, आणि प्रत्येक घरातून बाहेर पडताना थोडी अंगानं भरली.

मेलानिया तणतणत आली. गात नव्हती.

"जाऊबाई, माझ्या नवऱ्याला चोर म्हणता?"

"मी नाव नाही घेतलं."

"नाव घ्यायला राहिलंय काय! नवीन वर्षाला त्याच्या हातात गावाच्या मानाची काठी द्यायची म्हणतात, आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती काठी. बियाकडे वळून बघणाऱ्याला कोण देईल काठी?"

"मग तुमच्याकडे कसं उगवलं ते सांग."

"तुम्ही दिलंत ते टाकलं, उगवलं! मूठभर टाकलं तेव्हा चार आले. चुन्योच्या कोठारात पडलं होतं फडकं, त्या गारठ्यात, बटाट्यांच्या पोत्यांवर. विसरलेच होते मी. अजून थोडं आहे. हवंय? देते, चला."

बर्फात गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं ते कोठार डोंगराच्या सावलीत होतं, तिथं उन्हाळ्यातही हात आखडायचे. असल्या ठिकाणी कुणी बी ठेवतं का? दोमितिलाला त्यातही खोट दिसली. आणि ही अजून थोडं द्यायला निघाली आहे, ते कशासाठी? घेतलं की उद्या म्हणायला मोकळी, दोमितिलाचं उगवलं तेही आमच्याच कृपेनं.

"मला तुमचं काही नको," ती म्हणाली.

"मरा मग," मेलानिया म्हणाली आणि भिंतीवरून न जाता मुद्दाम लांबच्या वाटेनं गेली.

सभेच्या दिवशी सकाळी रेबेका खोकी बघायला आली. हिलारिओकडे तिनं टाळ्या वाजवल्या, ते इकडं ऐकू आलं. मग ती दोमितिलाकडे आली, वाकली, मातीतला एक दाणा चिमटीत धरून नखानं दाबला. आत भरलेला होता, पण पिवळट, कोरडा, भाजलेल्या तिळासारखा.

"उरलंय का थोडं?"

दोमितिलानं तुळईवरून फडकं काढून दिलं. रेबेकानं ते नाकाशी नेलं. एवढ्या सर्दीतही तिला वास आला.

"मावशी, हे चुलीवर होतं?"

"कोरड्या जागी ठेव म्हणालीस ना?"

पोरीचा चेहरा पडला. "कोरड्या म्हणाले. थंडही म्हणायला हवं होतं." तिनं फडक्यातले दाणे बोटानं चाळले. "किती सुंदर बी होतं हो हे. एकेक दाणा भरलेला. दोन महिने धूर आणि शेक, मेलं बिचारं. हिलारिओकाकांचं याच्यापुढे नुसता भुसा आहे."

रेबेका गेली. दोमितिला चुलीपाशी बसून राहिली. फडकी कुणी बदलली नव्हती. सुंदर बी तिचंच होतं, शेवटपर्यंत तिच्याच डोक्यावर टांगलेलं, आणि रोज दोन वेळा तिनंच त्याखाली जाळ केला होता. कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून तिनं ते जिथं ठेवलं, तिथंच ते मेलं. झाडावर एकही बोंड उरलं नव्हतं, तीही सगळी तिनंच काढायला लावली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं चुलीत पाणी ओतलं, आणि मग तिला रडू आलं.

तरीही सभेला जाताना ती गप्प राहायचं ठरवूनच गेली. आता बोलून काय होणार होतं? उतार जाणारच होता. निदान तोंड तरी काळं होऊ नये.

शाळेच्या खोलीत सगळं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. ओल्या पोंचोंचा वास कोंदला होता. निकानोरनं खाकरून सुरुवात केली. "दोमितिलाकडे रोप नाही. हिलारिओकडे आहे. ठरल्याप्रमाणे उतार..."

"थांब," हिलारिओ उभा राहिला. टोपी हातात, नजर जमिनीवर. "गावात बोलतात ते खरं आहे. वाटणीच्या वेळी वहिनी पाणी प्यायला आत गेली. मी मागे वळलो. चांगला ढीग मी घेतला, कोंडा तिला ठेवला. माझ्याकडची रोपं तिच्या बियांची आहेत. उतार तिचा."

खोलीत एकदम गलका झाला. मेलानियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि याला काठी देणार होतो!" निकानोर टेबलावर हात आपटत राहिला.

दोमितिला दिराकडे बघत होती. वर्षभर ती ज्याची वाट बघत होती ते अखेर घडलं होतं. हिलारिओ सगळ्या गावासमोर धडधडीत खोटं बोलत होता आणि ती सोडून ते कुणालाही कळत नव्हतं. सवयीनं तिनं लगेच त्यातला डाव शोधायला सुरुवात केली. उतार सोडतोय, म्हणजे त्याला उतार नको. काठी जाणार, म्हणजे काठीही नको. नाव जाणार, बायको महिनाभर बोलणार नाही. मग मिळतंय काय याला? तिनं उलटंसुलटं करून पाहिलं, तळापर्यंत हात घातला. तळाशी काहीच नव्हतं. फक्त तिचं लिमाला जाणं टळणार होतं.

गप्प बसलं तर सगळं तिचं होतं. उतार, मेंढरं, आणि वर मी म्हणत नव्हते का, असं म्हणायची मुभा.

"खोटं बोलतोय तो!" ती उभी राहत ओरडली.

सगळ्या माना वळल्या.

"वहिनी, बस खाली," हिलारिओ दबक्या आवाजात म्हणाला.

"तू बस! मी पाणी प्यायला गेलेच नव्हते. हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता, मानसुद्धा हलवली नाही यानं. मी वाटलं. चांगलं मी घेतलं, कोंडा याला दिला, आणि वर चिमूटभर चांगलं भुरभुरलं, दिसायला. आणि मग ते चांगलं बी मी चुलीवर टांगून भाजून खाल्लं, खाल्लं असतं तरी बरं झालं असतं. त्याची रोपं कोंड्याची आहेत. त्याची आहेत." ती दिराकडे वळली. "मागे वळला म्हणे! याला वळता तरी येतं का? गाढव कुठला!"

कुणीच हसलं नाही. निकानोरनं खाली बघितलं, मग म्हाताऱ्यांकडे. म्हातारे आपसांत बराच वेळ पुटपुटले. बियाच्या वाटणीत बाईनं लबाडी केली, असं याआधी घडलं नव्हतं, त्यामुळे त्याला शिक्षा काय हेही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी निकानोर म्हणाला की उतार हिलारिओच्या घराकडे जाईल, काठीचं ठरलं होतं तसंच राहील, आणि दोमितिला यापुढे गावाचं बी वाटणार नाही. ती बसली. छातीवरचा कसला तरी दगड उतरला होता.

घरी जाताना पाऊस लागला. हिलारिओ तिच्यापुढे चालत होता, रागानं, मोठमोठ्या ढांगा टाकत. ओढ्यापाशी तो थांबला आणि वळला.

"एकदा, आयुष्यात एकदा तुला तोंड बंद ठेवता आलं नाही?"

"तू खोटं बोलत होतास."

"तुझ्यासाठी बोलत होतो!"

"तुला माहीत होतं? कोंडा दिला ते?"

"फडकं हातात घेतलं तेव्हाच. मेंढपाळ असलो तरी हात शाबूत आहेत माझे."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

हिलारिओनं टोपीतलं पाणी झटकलं. "घाबरली होतीस तू. दादा गेल्यापासून घाबरलेलीच आहेस. घाबरलेल्या माणसाशी काय भांडायचं?" तो पुन्हा चालू लागला आणि मागे न बघता म्हणाला, "उद्या मेंढरं आमच्या कळपाबरोबर वर घेऊन ये. भिंतीचे चार दगड काढून ठेवतो. आणखी कुठं नेणार आहेस?"

ओढ्यापासून घरापर्यंत ती त्या चार दगडांमागचा डाव शोधत चालली, पायवाटेच्या प्रत्येक वळणावर, जुन्या सवयीनं, आणि दारापाशी पोचेपर्यंत तिला तो सापडला नाही. तेव्हा ती दाराला टेकून हमसून हमसून रडली.